वालातला अडसर

विषय प्रथिनांचा असला तरी सुरुवात मी डाळिंब्यांपासून करणार आहे. घाटकोपर असो की बोरिवली, मोड आणून सोललेले वाल बाजारात विकायला असतात. कच्चे वाल मात्र आपण खात नाही. कडवटपणा हे त्याचं एक कारण. दुसऱ्या कारणावर या मुंबईतच काम झालं. केंब्रिजहून १९३९ साली पीएच.डी. घेतलेल्या कमला सोहोनी पुढे इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होत्या. त्यांनी आणि के. एस. आंबे यांनी १९५५ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं की, वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनला रोखणारे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे काढले आहेत. हे पदार्थ म्हणजे प्रथिनंच.

ट्रिप्सिन हे आपल्या पचनाचं एक विकर. ते काय तोडतं, हे कळायला आधी जोड कसा होतो ते पाहू. अमिनो आम्लाच्या रेणूत एकीकडे अमिनो गट असतो, दुसरीकडे आम्लगट. एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जुळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजन यांच्यात पेप्टाइड बंध तयार होतो. याला मण्यांची माळ म्हणायची पद्धत आहे. मला ती उपमा पटत नाही. माळेत मणी जसाच्या तसा राहतो, इथे जुळताना प्रत्येकाचं थोडं काहीतरी जातं.

पेप्टाइड बंधाची ही कल्पना १९०२ साली कार्ल्सबादच्या एकाच परिषदेत एमिल फिशर आणि फ्रान्झ होफमाइस्टर या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. फिशरने १९०७ पर्यंत १८ अमिनो आम्लं जोडून दाखवली, पण प्रकार दोनच. आपल्या पेशी २० प्रकार वापरतात, आणि सगळी करामत त्यांच्या क्रमात आहे. इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगरने लावला आणि १९५८ चं नोबेल मिळवलं. इन्शुलिन साध्या गोळीतून का घेता येत नाही? आतड्यातली विकरं त्याचेही तुकडे करतात म्हणून.

गंमत अशी, की पाणी गमावून झालेला हा बंध पाण्यानेच तुटतो, पण नुसत्या पाण्यात त्याला शेकडो वर्षं लागतात. ट्रिप्सिन ते काम क्षणात उरकतं, तेही लायसिन किंवा आर्जिनिन या दोघांच्याच पुढचा बंध निवडून. वालातलं प्रथिन नेमका तसाच एक बंध पुढे करतं. ट्रिप्सिन तो पकडतं आणि तिथेच अडकून बसतं. जेवणातलं बाकीचं प्रथिन मग नीट पचत नाही आणि स्वादुपिंडाला आणखी ट्रिप्सिन तयार करावं लागतं.

शिजवल्यावर प्रथिनं ‘तुटतात’ असं सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. उकळत्या पाण्यातही पेप्टाइड बंध जवळजवळ सगळे शाबूत राहतात. मोडते ती साखळीची घडी. वालातल्या या प्रथिनाची घडी गंधकाच्या बंधांनी आवळलेली, म्हणून चिवट. भिजलेल्या दाण्यात उष्णता आणि पाणी आतपर्यंत पोचतं, तेव्हा ती मोडते. उसळ कचकचीत ठेवणाऱ्यांनी ऐकून ठेवा.

जाता जाता जिमवाल्यांसाठी. पेप्टाइडचे महागडे डबे घ्यायचे तर घ्या. पोटात गेल्यावर त्यांची बहुतेक सुटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन आम्लांचे तुकडेच होतात.

सोहोनींनी गोरेगावच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही सल्ला दिला, म्हणून थोडं दुधाविषयी. लिंबू पिळून पनीर करताना पेप्टाइड बंधांना धक्का लागत नाही. आम्लामुळे केसीन या दुधातल्या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, इतकंच. चीज करताना मात्र रेनेट हे विकर लागतं. कॅपा-केसीन ही १६९ अमिनो आम्लांची साखळी. रेनेट तिच्यातला १०५ आणि १०६ यांच्यामधला एकच बंध तोडतं, आणि अख्खं पातेलं थिजतं. शाकाहारी मंडळींनी विचारण्याआधीच सांगतो, वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटऐवजी हल्ली बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांकडून करून घेतलेलं विकरही वापरतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या.