शरीराच्या हालचालीचे शास्त्र आणि कामगार



विद्वानांच्या या व्यासपीठावर माझ्यासारख्या दहावी नापास माणसाला तुम्ही उभे केलेत, हा तुमचा मोठेपणा. माझे विद्यापीठ म्हणजे शॉपफ्लोअर आणि गेटसभा. तेव्हा अनुभवले तेवढेच सांगतो.

सात वर्षांपूर्वी आमच्या एका फिटरने विचारले, "दादा, पोरगी फिजिओथेरपीला जायचे म्हणते. काय करू?" मी म्हणालो, "मालिश शिकायला साडेचार वर्षे कशाला घालवायची?" त्याने माझे ऐकले नाही, हे बरे झाले. तीच मुलगी पुढे युनियनच्या कचेरीत आली आणि तिने आम्हाला पहारेचे गणित शिकविले.

वीस किलोचा नग मणक्यापासून ५० सेंटिमीटर लांब धरला, असे समजा. पाठीचे स्नायू मणक्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे नुसता नग पेलण्यासाठी त्यांना २०० किलोची ओढ द्यावी लागते. तोच नग पोटाशी, २५ सेंटिमीटरवर घेतला, तर १०० किलोची. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. या विद्येला इंग्रजीत किनेसिऑलॉजी म्हणतात.

मी ऐकत होतो आणि माझी कंबर मला आठवण देत होती. भोसरीच्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षे जमिनीवरच्या पॅलेटवरून असेच नग उचलले. कंबर धरली तेव्हा साहेब म्हणाले, "तालमीत जा." पॅलेटखाली दोन फुटी लोखंडी स्टँड ठेवावा, हे साहेबांना सुचले नाही, पण मित्रहो, युनियनचा चिटणीस असून मलाही सुचले नाही!

१९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३४ इजा होईल इतका बोजा उचलायला लावण्यास मनाई करीत होते. पण त्याच कायद्याच्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारे बहिरेपण होते, कंबरदुखी नव्हती. जे यादीत नाही, ते मोजणार कोण? मोजायला शिकलेले माणूस हवे.

हे शिक्षण दूर नाही. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे, १९७७ साली निघालेले चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठात फिजिओथेरपी शिकवितात. दोन्हीकडे हा विषय आहे. वाटा मात्र वेगळ्या. पहिल्या वाटेने शिक्षक आणि प्रशिक्षक होता येते, दुखणाइताला हात लावायचा तर दुसरीच वाट धरली पाहिजे. थोड्या दिवसांच्या प्रमाणपत्रावर व्यायामशाळेत शिकवू लागणाऱ्या पोरांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलांना 'ड्रिलमास्तर होणार काय?' म्हणून हिणवू नका. आणि युनियनच्या मित्रांना सांगणे हे की, पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खालोखाल एक ओळ लिहा: कारखान्यात या शास्त्राचा जाणकार नेमावा. वाढलेला पगार कंबरेच्या पट्ट्यावर खर्च होणार असेल, तर आपण करार जिंकला असे मी म्हणणार नाही.