जमिनीतला कोळसा आणि हाती येणारा कोळसा



"मुळशीचा माणूस कोळशात कसा?" असं सकाळपासून तिघांनी विचारलं. खरं आहे. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, कोळशाचा कणही नाही. विदर्भात चंद्रपूर, वणी, उमरेडला कोळसा आहे. तो प्रामुख्याने विजेसाठी जातो. पोलादाच्या भट्टीला कोक होणारा कोळसा लागतो. त्यासाठी धनबादजवळचं झरिया गाठावं लागतं.

तिथे माझं काम एकच: किती कोळसा खरोखर बाहेर काढता येईल ते सांगणं. गणिताच्या सरांसमोर हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते. एक चौरस किलोमीटर क्षेत्र, तीन मीटर जाडीचा थर, घनता १.४. गुणाकार केला की ४२ लाख टन. वर्तमानपत्रात छापून येतो तो असा आकडा. पण थर सलग नसतो, मध्येच तुटतो, खाली सरकतो. त्यासाठी दहा टक्के वजा केले, राहिले ३७.८ लाख. भुयारी खाणीत छत पेलायला कोळशाचेच खांब ठेवावे लागतात; निम्मा तिथेच राहिला असं धरा. उरलेल्यात राख भरपूर, म्हणून तो धुवायचा. धुण्यात पुन्हा निम्मा गेला, तर भट्टीच्या कामाचा साडेनऊ लाख टनांच्या आसपास. झरियात तर १९१६ पासून जमिनीखाली आगी आहेत, त्यात जळालेला वेगळाच!

आणि वरची गावं? थर ओढ्याखालून जातो, रेल्वेखालून जातो, घरांखालूनही जातो. नकाशावर तो सगळा 'साठा'च. तो काढता येण्याजोगा धरायचा का, हे बोअरच्या नमुन्यावरून ठरत नाही. माझे काही सहकारी म्हणतात, लोक हलवता येतात, मग धरा. त्यांचंही तांत्रिकदृष्ट्या चुकत नाही, कारण आगीवर वसलेल्यांना हलवावंच लागतं. पण जिथे आग नाही तिथेही तेच म्हटलं की मला पटत नाही. आपण १९२१ च्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलो. धरणाच्या पाण्यापासून होणाऱ्या विजेला तेव्हा 'पांढरा कोळसा' म्हणत, आणि त्या हिशेबात आपल्याकडची गावं पाण्याखाली गेली.

म्हणून माझ्या अहवालात वस्तीखालच्या कोळशाचा रकाना वेगळा असतो. बेरजेत तो धरत नाही. शेजारी वाड्यांची नावं असतात, आणि किती उंबरे आहेत तेही.