आधी आत घ्या, मग तपासा

सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या ज्या मुलामुलींनी संगणकाचं शिक्षण धरलं आहे, त्यांच्याशी आज मला मुख्यतः बोलायचं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून कर्नेल म्हणजे काय, सिस्टिम कॉल म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. दरेकशाला गाडीतून उतरून धनेगाववरून लोक गुहेपर्यंत चढतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, कुठून कुठून येतात. परतल्यावर कुणीतरी मोबाइलमधले फोटो एका फोल्डरात घालतं आणि त्याला नाव देतं, ‘कचारगड’. हे नाव अँड्रॉइडच्या पोटातल्या लिनक्स कर्नेलकडे जातं. पण अ‍ॅप ते नाव कर्नेलच्या हातात ठेवत नाही. ‘नाव माझ्या मेमरीत अमुक पत्त्यावर आहे’ एवढंच सांगतं. माझी काळजी इथून सुरू होते.

कर्नेल त्या पत्त्यावरून नाव आधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतं. पूर्ण मार्ग, शेवटच्या शून्यासकट, जास्तीत जास्त ४०९६ बाइट. त्यापुढे वाचतच नाही. मग एकेका नावाची लांबी बघतं, २५५ बाइटपर्यंत. बाइट म्हणालो, अक्षरं नव्हे. ‘कचारगड’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, काना वेगळा धरला की सहा चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. आपल्या शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली. तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट, म्हणजे त्याच सहा चिन्हांना चोवीस. ज्यानं अक्षरं मोजून जागा धरली, त्याचा ड्रायव्हर इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षं सुरळीत चालेल आणि एखादं लांबलचक गोंडी नाव आलं, की शेजारच्या मेमरीवर लिहून मोकळा होईल.

आता धान खरेदी केंद्र डोळ्यांपुढे आणा. शेतकरी सांगतो, कट्टा चाळीस किलोचा आहे. तरी केंद्रवाला आपल्या काट्यावर घालतो. ओलावा सतरा टक्क्यांच्या आत आहे का, मीटर लावून बघतो. यात शेतकऱ्याचा अपमान नाही. गोदामात ओला कट्टा गेला तर शेजारचीही थप्पी कुजते. बरं, मीटर लावला, ओलावा ठीक निघाला, आणि कट्टा तसाच बैलगाडीवर राहू दिला. तासाभरानं उतरवला. तो तोच कट्टा आहे कशावरून? कर्नेलमध्ये हीच चूक फार होते. लांबी वापरणाऱ्याच्या मेमरीतून एकदा वाचली, तपासली. मग काम करताना तिथूनच पुन्हा वाचली. मधल्या क्षणात त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडनं आकडा बदललेला असतो. तपासला एक, वापरला दुसरा. म्हणून माल आधी आत घ्या, आत घेतलेलाच तपासा, आणि तपासलेलाच वापरा. पुन्हा गाडीकडे जाऊ नका.

आणि चुकारे? तेही त्याच केंद्राचं काम. पैसे कोणत्या खात्यात टाकायचे ते शेतकरी सांगतो. खातं त्याच्याच नावाचं आहे का, हे बघावं लागतं. २०१७ साली लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीत नेमकं हे राहिलं. वेटआयडी नावाच्या कॉलला उत्तर कुठे लिहायचं, तो पत्ता वापरणारा देतो. कोडची फेरमांडणी करताना, तो पत्ता वापरणाऱ्याच्याच हद्दीतला आहे का, ही तपासणी गळून पडली. साधा वापरकर्ता खुद्द कर्नेलच्या मेमरीचा पत्ता द्यायचा आणि कर्नेल आपल्या हातानं तिथे लिहायचं. ऑक्टोबरात दुरुस्ती आली. जगातले निष्णात लोक लिहितात त्या कोडमध्ये हे होतं. तेव्हा ‘माझ्या कोडला काय होतंय’ हे म्हणणं सोडा.

कुणी म्हणेल, परक्याचा माल तपासू, आपला कशाला? १९ जुलै २०२४ आठवा. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर गोंधळ उडाला, बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. क्राउडस्ट्राइकचा विंडोज कर्नेलमध्ये बसणारा ड्रायव्हर, आणि त्याला आलेली माहितीची फाइल त्याच कंपनीची. फाइलच्या साच्याप्रमाणे माहितीचे रकाने एकवीस, ड्रायव्हरला मिळणारे वीस. एकविसावा वाचायला गेला तो हद्दीबाहेर. सुमारे ८५ लाख यंत्रं कोसळली. वाचण्याआधी हद्द बघणारी एक तपासणी त्या जागी नव्हती. साध्या अ‍ॅपमध्ये हे झालं असतं तर अ‍ॅप बंद पडलं असतं. कर्नेलमध्ये झालं म्हणून सगळं यंत्रच आडवं झालं.

तपासणी लिहिली तरी प्रोसेसर तिच्या निकालाची वाट न बघता अंदाजानं पुढे धावतो, हा स्पेक्टरचा प्रकार २०१८ च्या जानेवारीत जगापुढे आला. त्यासाठी कर्नेलमध्ये निराळी सोय करावी लागली, ती अशी की... पण घड्याळ पुढे गेलं आहे, ते पुन्हा कधीतरी.

माझं मागणं एवढंच. तुमच्यापैकी कुणी प्रोजेक्टसाठी ड्रायव्हर लिहिला असेल, तर आज रात्री तो उघडा आणि ‘कॉपी फ्रॉम युजर’ शोधा. एकाच पत्त्यावरून दोनदा वाचलेलं दिसलं, तर दुसरं वाचन काढून टाका. लांबीला वरची हद्द नसेल, तर ती घाला. आकडा उणे आला तर काय होईल तेही बघा. आणि चाचणी घेताना एखादं लांब नाव गोंडी लिपीत द्या.