जाणत्या शेजाऱ्याची जागा

जेवायला आलेल्या पाहुण्याने चटणीची चव घ्यावी आणि ‘वहिनी, ही तुम्ही विकत का नाही?’ असे सहज म्हणून जावे, हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलेला असेल. पाहुणा निघून जातो. प्रश्न मात्र त्या गृहिणीच्या मनात घर करून राहतो. परवाना कोठे मिळतो? भांडवल किती लागते? बरणीवर काय छापायचे? पूर्वी अशा वेळी आळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे जाण्याची रीत होती. आज ती मोबाईल हाती घेते आणि एखादे संकेतस्थळ शोधू लागते. जाणत्या शेजाऱ्याची जागा घेणारे हे संकेतस्थळ कसे असावे, याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी आज सांगाव्यात असे मनात आहे.

असे एक संकेतस्थळ रचण्याचे काम काही काळ माझ्याकडे होते. आमचा पहिला आराखडा कार्यालयांच्या क्रमाने चालत होता. आधी अन्नसुरक्षेची नोंदणी, मग नगरपालिका, मग वजनमापे, कर आणि शेवटी बँक. माहिती अचूक होती आणि आम्ही त्यावर संतुष्टही होतो. तो पाहण्यासाठी आम्ही एका बाईंना बोलावले. तेलात मुरवलेली लसणाची चटणी त्या उत्तम करीत, आणि दोन पाटल्या गहाण टाकून भांडवल उभे करण्याचा त्यांचा विचार होता. त्यांनी सारी पाने शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, “अर्ज कोठे करायचा ते कळले. पण माझी चटणी किती दिवस टिकेल, आणि एका बरणीमागे मला काय उरेल?” या दोन प्रश्नांचे उत्तर आमच्या एकाही पानावर नव्हते!

आम्ही ती सारी मांडणी मोडली. नव्या मांडणीत पहिला प्रश्न पदार्थाचा आला. पापड कोरडा, म्हणून टिकतो. लिंबाच्या लोणच्याला आंबटपणा आणि मीठ सांभाळतात. तेलाखाली बुडालेल्या ओल्या लसणाची गोष्ट निराळी. तेथे हवा पोचत नाही, आंबटपणाही पुरेसा नसतो. ज्या पदार्थाचा सामू 4.6 पेक्षा अधिक असतो आणि ज्यात ओलावाही पुरेसा असतो, त्यात हवेवाचून वाढणारे बोटुलिनम नावाचे जिवाणू प्राणघातक विष निर्माण करू शकतात; आणि त्याची वर्दी वास देईलच असे नाही. घरी करून लगेच संपवण्याचा पदार्थ आणि महिनाभर दुकानाच्या फळीवर राहणारा पदार्थ यांत हे अंतर आहे. म्हणून संकेतस्थळाने अशा ठिकाणी थांबवावे आणि पदार्थ प्रयोगशाळेत तपासून घेण्यास सांगावे. म्हैसूरला 1950 साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या संस्थांचा पत्ता द्यावयाचा तो येथे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. समजा, एक बरणी 100 रुपयांना विकली. जिन्नसांचे 45, गॅस-विजेचे 6, बरणी व लेबलाचे 7, दुकानदाराचे 20, आणि वाहतूक व परत आलेला माल मिळून 8. उरले 14 रुपये. एका बरणीला पाव तास लागत असेल, तर तासाची मजुरी 56 रुपये झाली. अनेक गृहिणी आपल्या श्रमाचा आकडा मांडतच नाहीत, आणि त्यामुळे तोट्यालाच नफा समजून वर्षभर राबतात. हा तक्ता संकेतस्थळाने त्यांच्याकडूनच भरून घ्यावा.

मग यावा परवाना. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यास केवळ नोंदणी पुरे होती आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. अशा मर्यादा पुढे बदलतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा पडताळला ती तारीख असावी. अनुदानाचेही तसेच. सूक्ष्म खाद्यउद्योगांसाठी 2020 साली केंद्र सरकारने जी योजना काढली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठेवले होते. परंतु ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले होते. अनुदानाचा आकडा ठळक आणि कर्जाची अट बारीक अक्षरांत छापणे हा वाचणाऱ्याचा विश्वासघात होय.

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच पुढे लिज्जत पापडाचा उद्योग झाला. त्यांच्या पाठीशी छगनलाल करमसी पारेख उभे होते. मालाचा दर्जा एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. जाणता शेजारी म्हणतात तो असा. तो धीर देतो, पण खोटी आशा दाखवीत नाही. संकेतस्थळालाही ‘अजून थांबा’ असे म्हणता आले पाहिजे. आणि तेही तिच्या भाषेत, वाचनाचा सराव नसेल तर आवाजात.

त्या बाईंनी पाटल्या गहाण टाकल्या नाहीत. त्यांनी तेलातली चटणी घरापुरती ठेवली आणि वाळवलेल्या लसणाची कोरडी चटणी थोडी थोडी करून ओळखीच्या घरी देण्यास सुरुवात केली. हिशेबाची वही त्या आता स्वतः लिहितात. आमच्या साऱ्या खटाटोपाचे फलित मी त्या वहीतच मोजतो.