आडवाटेची मोटार आणि तिचा जॅक

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेली मोटार सुमारें ५५ किलोमीटर गेली कीं गगनबावडा येतो. उंसाचे फड मागें पडतात, तांबडी माती लागते, आणि पुढें करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोंकणांत उतरतात. पाऊस या भागांत अतोनात पडतो. समजा, आषाढांतील एका सायंकाळीं शहरांतील एक कुटुंब आपल्या उंच बांध्याच्या, चारही चाकांना गति देणाऱ्या मोटारींतून या बाजूस गेलें आहे. मुख्य रस्ता सोडून गाडी एका वाडीच्या कच्च्या वाटेस लागते, आणि जांभ्या दगडाच्या धारेनें मागचा टायर फाटतो. गाडीबरोबर स्टेपनी आहे, पाना आहे, जॅकही आहे. तेव्हां चिंतेचें कारण नाहीं असें सर्वांस वाटतें. परंतु जॅक पुरता उघडला तरी चाक जमिनीवरून सुटत नाहीं. मग त्याच्याखालीं दगड रचतात. दगड निसटतो आणि गाडी धाडकन् खालीं बसते. त्या क्षणीं कोणाचाही हात चाकाखालीं नव्हता, ही केवळ दैवाची कृपा.

गाडी घेतांना तिचा रंग, तिची गादी, तिच्यांतील गाण्याचें यंत्र यांची चर्चा घरांत महिनाभर चालते. जॅकची चर्चा एक मिनिटही होत नाहीं. जो मिळाला तो गादीखालीं पडून राहतो, आणि त्याची पहिली परीक्षा होते ती अशा वाटेवर, अशा वेळीं. ही परीक्षा घरच्या अंगणांतच घेतां येते, आणि ती घेण्यास फारशी विद्याही लागत नाहीं. भार, उंची आणि जमीन या तीन गोष्टींचा विचार पुरतो.

प्रथम भार. महिंद्र कंपनीनें १९४७ नंतरच्या दोनतीन वर्षांत मुंबईंत विलिस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. ती गाडी हलकी होती. तिचीच वंशज म्हणतां येईल अशी, २०२० सालीं नव्या रूपांत आलेली ‘थार’ सुमारें पावणेदोन टनांची आहे. अर्थात् एक चाक उचलतांना सगळी गाडी उचलावी लागत नाहीं. एका कोपऱ्याचा भार, म्हणजे साधारणपणें पांचसहाशें किलो, जॅकवर येतो. तथापि सामान, माणसें आणि वाटेचा उतार यांमुळें तो बराच वाढतो. यासाठीं संपूर्ण गाडीच्या वजनाहून कमी क्षमतेचा जॅक घेऊं नये, हा नियम सोपा व सुरक्षित आहे. अशा गाड्यांस दोन ते तीन टनांचा जॅक योग्य होय. पांच किंवा दहा टनांचा घेतल्यानें अधिक सुरक्षितता मिळते, ही समजूत मात्र खरी नव्हे. तो जड असतो, आणि मिटलेला असतांही इतका उंच असूं शकतो कीं हवा गेलेल्या गाडीखालीं शिरतच नाहीं.

येथें दुसरी गोष्ट येते, ती उंची. बहुतेकांची फसगत येथेंच होते. ३१ इंच व्यासाच्या चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारें १५ इंचांवर असतो. हवा गेली कीं तो तीनचार इंच खालीं येतो. म्हणून जॅकची मिटलेली उंची या खालीं आलेल्या स्थितींत मोजली पाहिजे, आणि उघडलेली उंची स्टेपनी बसेल इतकी पाहिजे. कारण हवा भरलेलें चाक फाटलेल्या चाकाहून अधिक जागा मागतें. दुसरा मुद्दा असा कीं जॅक कोठें लावला यावर उंचीचा हिशेब बदलतो. मागील आंसाच्या नळीखालीं लावला, तर जॅक जितका चढतो तितकेंच चाक लगेच वर येतें. गाडीच्या सांगाड्यास लावला, तर सांगाडा वर जातो, पण स्प्रिंग ताणली जाऊन चाक बराच वेळ जमिनीवरच राहतें. उंच गाड्यांत ही ताण पांचसहा इंच सहज असते. सपाट रस्त्यावरच्या छोट्या मोटारीस पुरणारा पंधरा इंचांचा जॅक अशा गाडीच्या सांगाड्याखालीं म्हणूनच निरुपयोगी ठरतो. ज्या तरुणांनीं हौसेनें मोठे टायर किंवा उंच स्प्रिंगा बसविल्या आहेत, त्यांच्या गाडीचा मूळचा जॅक तर त्याच दिवशीं अपुरा झाला असें समजावें. मात्र आंस सर्वच गाड्यांस सारखा नसतो. नव्या थारची मागील चाकें एका अखंड आंसावर आहेत, पुढील चाकें स्वतंत्र झुलणारीं आहेत. तेव्हां जॅक लावण्याच्या जागा गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहूनच ठरवाव्यात.

तिसरी गोष्ट जमीन. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळ, हातकणंगल्याकडे काळी माती. पावसांत ती लोण्यासारखी होते. पश्चिमेस राधानगरी, शाहूवाडीकडे तांबडी माती आणि निसरडा जांभा. समजा, ७०० किलोंचा भार चार इंच रुंद व पांच इंच लांब अशा बुडावर आला. म्हणजे वीस चौरस इंचांवर ७०० किलो, दर इंचास ३५ किलो. ओली माती हा दाब सोसत नाहीं. गाडी वर जाण्याऐवजीं जॅकच खालीं जातो. त्याच जॅकखालीं एक फूट लांबरुंद अशी भक्कम फळी ठेवली, तर १४४ चौरस इंच मिळतात आणि दाब दर इंचास पांच किलोंच्या आंत येतो. दीड इंच जाडीची सागाची वा बाभळीची फळी, किंवा जाड प्लायवुडचा तुकडा, ही या सर्व साहित्यांतली सर्वांत स्वस्त वस्तु आहे, आणि नेमकी तीच गाडींत नसते. एकावर एक रचलेले दगड हा तिला पर्याय नव्हे. दगड दाबाखालीं फुटतो किंवा घरंगळतो.

आतां प्रकार. पहिला, कात्रीसारखा उघडणारा मळसूत्री जॅक. तो हलका, तेलाची कटकट नसलेला व सपाट जागीं विश्वासू असतो; परंतु त्याची उंची थोडी आणि बूड लहान. दुसरा, तेलावर चालणारा, बाटलीच्या आकाराचा जॅक. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हें तत्त्व सतराव्या शतकांत पास्कलनें सांगितलें, आणि त्यावरून १७९५ सालीं जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत दाबयंत्राचें पेटंट घेतलें. जॅकमधील पंपाचा दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि उचलणारा दट्ट्या तीन सेंटिमीटरांचा असेल, तर क्षेत्रफळ नऊपट होतें. दांड्याच्या लांबीमुळें आणखी पंधरापट लाभ धरला, तर १३५ पट. हाताच्या वीस किलो जोरांतून २७०० किलोंची उचल निर्माण होते. घर्षणानें थोडी घटते इतकेंच. आंसाखालीं लावण्यास हा जॅक उत्तम. त्याच्या माथ्यावर फिरवून वर काढतां येणारा जादा दांडा असावा. तो नेहमीं उभाच वापरावा, गाडींतही शक्य तों उभाच ठेवावा, आणि तेल झिरपत असेल तर विश्वास ठेवूं नये. तिसरा, उभ्या पट्टीवर एकेक भोंक चढत जाणारा उंच जॅक. तो अमेरिकेंतील शेतवाडींतून आला. ४८ इंचांचा असा जॅक सुमारें तेरा किलोंचा भरतो. चिखलांत रुतलेली गाडी उचलण्यास त्याच्यासारखा दुसरा नाहीं, पण तो पोलादी बंपरास किंवा त्यासाठीं केलेल्या खांचेसच लावतां येतो. प्लास्टिकचा बंपर त्याखालीं मोडतो. शिवाय गाडी खालीं घेतांना हात सुटला, तर त्याचा दांडा जबडा फोडील इतक्या वेगानें उसळतो. नवशिक्यानें त्याच्या वाटेस न जाणें बरें. चौथी, धुराड्याच्या वायूनें फुगणारी पिशवी. वाळूंत ती उपयोगी आहे. जांभ्याच्या धारेवर तीच फाटावयाची.

कोल्हापूर हें ओतकामाचें शहर. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगांव येथील भट्ट्यांमुळें धातूची पारख करणारे हात येथें गल्लोगल्लीं आहेत. जुना जॅक घ्यावयाचा असेल, तर अशा एखाद्या कारागिरास दाखवावा. ओतीव लोखंड दाब सोसतें, पण तडा गेला कीं कांहीं सूचना न देतां तुटतें. ती बारीक रेघ त्याच्या डोळ्यांस चटकन् दिसते.

चांगला जॅकही चुकीच्या हातीं घातक होतो. उतारावर हँडब्रेक लावणें पुरेसें नाहीं. जुन्या विलिस जीपमध्यें हा ब्रेक चाकांवर नसून मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असे; एक मागील चाक हवेंत गेलें कीं त्याची पकड नाहींशी होई, आणि गाडी चालूं लागे. म्हणून गाडी गियरमध्यें ठेवून जमिनीवरील चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावावेत. सर्व माणसें उतरवावीं. नट चाक जमिनीवर असतांनाच सैल करावे. काढलेलें किंवा बसवावयाचें चाक तोंपर्यंत सांगाड्याखालीं आडवें सरकवून ठेवावें. जॅक निसटलाच, तर गाडी त्यावर अडते. जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. त्याच्या भरंवशावर गाडीखालीं डोकें घालणारा मनुष्य आपला जीव एका लहानशा वाल्व्हच्या हवालीं करतो.

आणखी एक गोष्ट. २०२० पासून टायरांतील दाब दाखविणारी योजना, ट्यूब नसलेले टायर आणि पंक्चर दुरुस्तीचें साहित्य असल्यास स्टेपनी न देण्याची मोकळीक सरकारनें मोटार बनविणाऱ्यांस दिली आहे. शहरांत तें चालतें. जांभ्यानें बाजूस फाटलेला टायर मात्र त्या साहित्यानें सांधत नाहीं. आडवाटेस जाणाऱ्यानें गाडी घेतांनाच स्टेपनी आहे कीं नाहीं हें पाहावें.

त्या गगनबावड्याच्या वाटेवर शेवटीं वाडींतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानें घरून फळी आणि बाटलीचा जॅक आणला, व वीस मिनिटांत चाक बसलें असें मानूं. पण प्रत्येक वाटेवर ट्रॅक्टरवाला असत नाहीं, आणि मोबाइलला रेंजही असत नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वींच्या एखाद्या रविवारीं घरासमोर सपाट जागीं एका टायरांतील हवा पूर्ण सोडावी, आणि गाडींत असलेल्याच साहित्यानें चाक बदलून पाहावें. घरांतील बायकांनीं आणि कळत्या मुलांनीं आलटून पालटून दांडा हाणावा. कारण संकटाच्या वेळीं गाडी कोण चालवीत असेल हें आधीं ठरत नाहीं. जॅक आंत शिरला नाहीं, पुरेसा चढला नाहीं किंवा तेल गळलें, तर तें त्या दिवशीं कळेल. दुकान जवळ असेल आणि अंगावर पाऊस नसेल. एक तासाचें हें काम. त्या तासांत हात काळे होतील, साबणानें ते धुतां येतील.