उचल घेण्याआधी दाखले काढा

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका वाडीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. दसरा झाला की आमच्याकडं ट्रक लागतात आणि अर्धी वाडी ऊसतोडीला जाते. परत येणं पाडव्याच्या आसपास. म्हणजे जूनला सुरू झालेली पोरांची शाळा सहामाही होते न होते तोच सुटते.

आमच्या वाडीत पोरगं कामाला कसं लागतं? मुकादम दारात येतो म्हणून लागतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता, उचलही तशीच. म्हणून पोराचं लग्न लवकर उरकतात आणि त्यासाठी कुणाची तरी पोरगी नववीतून काढतात. आम्हीही काढल्यात, लपवून काय उपयोग?

आता डांबरी रस्त्यालगतचं शेजारचं गाव बघा. पोरं आपल्यासारखीच, मार्कंही तेवढीच. पण तिथल्या दोघातिघांचे भाऊ चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत आहेत. कुठं भरती निघाली, कोणता ट्रेड घ्यावा, खोली कुठं मिळेल, हे त्या पोरांना पारावर बसल्या बसल्या कळतं. आपल्या पारावर कळतं काय, तर कुठला मुकादम किती उचल देतोय.

दोन वर्षांमागं आमच्यातल्या एकीचा मुलगा दहावी पास झाला. आयटीआयला वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. जातीच्या दाखल्याला वाडवडिलांच्या जुन्या नोंदीचा पुरावा लागतो, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दाखला हाती येईपर्यंत फॉर्मची मुदत संपली. त्याच दसऱ्याला त्यानं कोयता धरला.

तेव्हापासून आम्ही ठरवलं, नववीतल्या सगळ्या पोरापोरींचे दाखले आधीच काढायचे. खर्च गटातून, आयांनी हंगामानंतर फेडायचा. गेल्या हंगामात पाच पोरी आज्यांपाशी ठेवल्या. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, पण गाडी थांबते फाट्यावर, तीन किलोमीटर लांब. मग पाळीपाळीनं दोघी म्हाताऱ्या पहाटे त्यांच्यासंगं चालत जायच्या. एक आजी म्हणाली, "मला तरी कुठं झोप येती!"

त्या मुलालाही यंदा परत फॉर्म भरायला लावलाय. त्याची थोडी उचल फिटायची राहिलीय. मुकादमाशी बोलायला शनिवारी आम्ही चौघी जाणार आहोत.