खापरांतल्या नद्यांचा शोध



 प्राचीन भांड्यांची माती कुठली, याचा माग तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचांवरून काढणारी मंडळी आज या परिषदेसाठी एकत्र आली आहेत, याचा आम्हा पुणेकरांना मोठा आनंद आहे.

या विद्येचा एक नामी दाखला फिनलंडचा आहे. हिमयुग सरल्यावर बाल्टिक कधी गोड्या पाण्याचे सरोवर होता, तर कधी खारा समुद्र. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या पाण्यातले डायटम, म्हणजे सिलिकाची कवचे असलेली सूक्ष्म शैवाले, तळच्या गाळात साचले. पुढे जमीन वर उचलली गेली आणि तो गाळ माणसाच्या हाती लागला. मातिस्काइनेन आणि अल्होनेन या संशोधकांनी १९८४ साली अश्मयुगीन खापरांतल्या डायटमांवरून भांड्यांच्या मातीचा उगम शोधण्याची वाट दाखवली. क्विन आणि डे यांनी २००७ मध्ये एजियन प्रदेशातल्या कांस्ययुगीन भांड्यांतील चुनखडीयुक्त सूक्ष्मजीवाश्म अभ्यासले. ही चुन्याची कवचे साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊ लागतात. त्यामुळे ती शाबूत सापडली, तर भट्टीच्या आचेचाही अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे ताम्रपाषाणयुगीन वसाहतींपैकी प्रवरेकाठचे जोर्वे आहे, घोड नदीकाठचे इनामगाव आहे. काळ्या नक्षीची, तोटीची तीच तांबडी भांडी गावोगाव सापडतात. ती एका ठिकाणी घडून सर्वत्र गेली, की प्रत्येक गावाने आपल्याच नदीची माती मळली? दख्खनचे पठार बेसाल्टचे; इथे सागरी कवचांची अपेक्षा नाही. म्हणून प्रत्येक नदीतले, तळ्यातले गोड्या पाण्याचे डायटम हाच आपला पुरावा ठरू शकतो. उलट, देशावरच्या एखाद्या खापरात फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचधारी सागरी सूक्ष्मजीव, दिसले, तर ते भांडे बाहेरून आले असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पण कोणत्या पाण्यात कोणते डायटम आहेत, हे आधी नोंदलेले हवे. एच. पी. गांधी यांनी १९५९ साली पन्हाळगडावरच्या डायटमांची नोंद प्रसिद्ध केली. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमांवर काम चालते, तर डेक्कन कॉलेजात उत्खननांची मोठी परंपरा आहे. या दोन ज्ञानशाखांनी एका टेबलाशी बसावे, ही आमची कळकळीची इच्छा आहे.

त्या टेबलाशी कुंभारही हवेत. खापरातला डायटम मातीतून येतो, तसा मळताना घातलेल्या पाण्यातूनही येऊ शकतो. माती कुठून खणायची, दोन प्रकारची माती का मिसळायची, लीद आणि राख किती घालायची, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्यांना विचारल्याशिवाय आपला निष्कर्ष अपुराच राहील. म्हणूनच कारागिरांना आम्ही श्रोते म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून बोलावले आहे.

माझी परिषदेला एकच विनंती आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांच्या आणि तळ्यांच्या मातीचे, त्यांतल्या सूक्ष्मजीवाश्मांच्या नोंदींसह, एक सामाईक संग्रहालय उभे करण्याचा ठराव आपण संमत करावा. धरणांखाली आणि वाळूउपशाखाली जुने काठ झपाट्याने नाहीसे होत आहेत. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.

आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. आपल्या चर्चेला सुयश चिंतितो.